शर्यत दोघांची, फायदा खेळणाऱ्यांचा



या वेळी भित्तिपत्रकातील 'माझे मत' हे सदर बाईंनी माझ्याकडे दिले. 'वेळेचे महत्त्व' आणि 'वृक्ष आपले मित्र' हे विषय आधीच होऊन गेले आहेत. म्हणून मी जरा वेगळा विषय घेतला आहे. तो वाचून कोणी हसले तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाचावे ही विनंती.

तर झालं असं, की आपल्या वर्गातील दोन मुले दिवाळीच्या सुट्टीपासून एकमेकांशी बोलत नाहीत. नावे मी लिहीत नाही, वर्गाला माहीत आहेत. पहिलीपासून दोघे एका बाकावर बसत होते. एकाच्या डब्यातील चटणी दुसऱ्याच्या भाकरीवर जात होती. आता एक खिडकीजवळ बसतो तर दुसरा दाराजवळ. भांडण कशावरून? तर टी.व्ही.ला जोडून खेळायचे जे व्हिडिओ गेमचे यंत्र असते, त्यावरून. एक म्हणतो प्लेस्टेशन भारी, दुसरा म्हणतो एक्सबॉक्स भारी. गंमत अशी, की दोघांच्याही घरी यांपैकी एकही यंत्र नाही!

माझ्या आजीला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "टीव्हीवर गाड्या पळवायच्या आन् त्याच्यापायी भांडायचं? काय खुळी रं पोरं!" आजीचे बरोबर आहे. पण मला यात आणखी एक गोष्ट दिसली, तीच आज मांडायची आहे. माझे मत असे, की हे दोन कारखानदार एकमेकांशी स्पर्धा करतात म्हणूनच खेळणाऱ्याचे भले होते. मग ज्याला प्लेस्टेशन आवडते त्याने एक्सबॉक्सला शिव्या कशाला द्यायच्या? उलट त्याचे आभार मानले पाहिजेत.

मोठ्या माणसांसाठी थोडे सांगते. या यंत्राला कन्सोल म्हणतात. एक डबा असतो. तो टी.व्ही.ला जोडायचा, हातात बटणांचा रिमोट धरायचा आणि पडद्यावरील माणूस किंवा गाडी चालवायची. माझा मामा गलाईच्या व्यवसायासाठी कोइमतूरला असतो. आपल्या भागातील कितीतरी घरांतील माणसे सोने-चांदी गाळण्याच्या कामासाठी अशीच देशभर पसरलेली आहेत. मामेभाऊ दसऱ्याला विट्याला आला तेव्हा त्याने तो डबा बरोबर आणला होता. तेव्हा मी प्रथमच खेळून पाहिले. पहिल्या दिवशी माझी गाडी सारखी भिंतीलाच धडकत होती! बाकीची माहिती मी मामेभावाला विचारून आणि शाळेच्या संगणकावर गुरुजींच्या मदतीने गोळा केली.

आधी आपल्या गावातलेच उदाहरण घेऊ. दसऱ्याला विट्यात देवाच्या पालख्यांची शर्यत होते. ती पाहायला किती गर्दी उसळते हे मी सांगायला नको. आता समजा, एकच पालखी असती तर? ती सावकाश चालत गेली असती. लोकांनी नमस्कार केला असता आणि घरी गेले असते. शेजारी दुसरी पालखी पळते म्हणून पहिलीच्या खांदेकऱ्यांच्या पायांत बळ येते. बघणाऱ्यांना जी मजा येते ती दोन्हींमुळे येते.

दुसरे उदाहरण आपल्या नगरपालिकेचे. २०२१ च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतील लोकसंख्येच्या शहरांमध्ये आपल्या विट्याचा देशात पहिला नंबर आला. दुसरे लोणावळा आणि तिसरे सासवड. तिन्ही गावे आपल्या महाराष्ट्रातलीच. बक्षीस विट्याला मिळाले, पण झाडलेले रस्ते लोणावळ्याच्या आणि सासवडच्या लोकांनाही मिळालेच की! स्पर्धेत हरणाऱ्याच्या गावातही कचरा कमी होतो. मला वाटते, चांगल्या स्पर्धेची हीच खूण आहे.

आता कन्सोलकडे वळू. घरी खेळायचा पहिला कन्सोल १९७२ साली अमेरिकेत निघाला. त्याचे नाव मॅग्नाव्हॉक्स ओडिसी. पुढे अटारी कंपनीचा डबा १९७७ मध्ये आला आणि घरोघरी गेला. त्यानंतर जपानची निन्टेन्डो कंपनी पुढे आली. ही कंपनी १८८९ सालची. क्योतो शहरात ती खेळायचे पत्ते बनवीत असे! या कंपनीचा डबा १९८३ मध्ये जपानात आणि १९८५ मध्ये अमेरिकेत आला. तो इतका खपला, की तिला अमेरिकेत तुल्यबळ प्रतिस्पर्धी उरला नाही.

प्रतिस्पर्धी नसला की काय होते ते पाहा. त्या डब्यासाठी खेळ बनविणाऱ्या बाहेरच्या कंपन्यांना निन्टेन्डोने नियम घातले. वर्षाला पाचच खेळ काढायचे. आणि आपल्या डब्यासाठी काढलेला खेळ दोन वर्षे दुसऱ्या कुणाच्या डब्यासाठी द्यायचा नाही. वाईट खेळांचा सुळसुळाट होऊ नये हा त्यात एक हेतू होता, हे मान्य. पण खेळ बनविणाऱ्याला दुसरे दार नव्हते. म्हणून तो मुकाट्याने ऐकत होता.

मग सेगा ही जपानचीच दुसरी कंपनी उभी राहिली. तिचा नवा डबा १९८८ मध्ये जपानात आणि १९८९ मध्ये अमेरिकेत आला. निन्टेन्डोकडे मारिओ होता, म्हणून सेगाने १९९१ मध्ये सॉनिक नावाचा निळा, भरधाव पळणारा साळिंदरासारखा प्राणी आणला. त्याच वर्षी निन्टेन्डोचा नवा डबा अमेरिकेत १९९ डॉलरला आला. सेगाने आपल्या डब्याची किंमत १४९ डॉलरवर उतरविली आणि वर सॉनिकचा खेळ डब्यातच घालून दिला. पुढे निन्टेन्डोलाही किंमत उतरवावी लागली. खेळ बनविणाऱ्यांवरील बंधनेही सैल झाली. फायदा कोणाचा झाला? सेगा घेणाऱ्याचा झाला आणि निन्टेन्डो घेणाऱ्याचाही झाला.

पुढची गोष्ट तर आणखी मजेशीर आहे. सोनी कंपनी आधी निन्टेन्डोबरोबर मिळून सीडीवर चालणारा डबा बनविणार होती. १९९१ मध्ये निन्टेन्डोने ऐनवेळी फिलिप्स कंपनीशी हातमिळवणी जाहीर केली. सोनीचे लोक चिडले आणि त्यांनी स्वतःचाच डबा काढला. तो म्हणजे प्लेस्टेशन. ३ डिसेंबर १९९४ रोजी तो जपानात आला. १९९५ मध्ये अमेरिकेतील एका प्रदर्शनात सेगाने आपल्या सॅटर्न या डब्याची किंमत ३९९ डॉलर सांगितली. त्यानंतर सोनीचा माणूस व्यासपीठावर आला, "२९९" एवढेच म्हणाला आणि खाली उतरला. भाषण संपले! आपल्या शाळेच्या कार्यक्रमांत एवढे छोटे भाषण कोणी केले तर किती बरे होईल! (पाहुण्यांनी राग मानू नये.)

प्लेस्टेशनचे खेळ सीडीवर असत. सीडी बनवायला स्वस्त आणि कॅसेट बनवायला महाग. त्यामुळे खेळही स्वस्तात काढता येऊ लागले. २००१ मध्ये अमेरिकेच्या मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स आणला आणि पुढच्या वर्षी घरबसल्या दूरच्या मित्रांबरोबर इंटरनेटवरून खेळण्याची सोय केली. मग इतरांनाही त्या मार्गाने यावे लागले. २००६ मध्ये सोनीचा तिसरा प्लेस्टेशन अमेरिकेत ४९९ आणि ५९९ डॉलरला आला. त्याच वेळी निन्टेन्डोने २४९ डॉलरचा वी आणला. त्याचा रिमोट हातात धरून हात हलविला की पडद्यावर बॅट हलते. घरातील आजी-आजोबाही तो खेळू लागले. २००९ मध्ये सोनीने आपली किंमत २९९ डॉलरवर आणली.

पण मला सर्वांत आवडलेली गोष्ट २०१३ सालची आहे. मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन जाहीर केला. त्यात अट अशी होती, की डब्याने चोवीस तासांतून एकदा इंटरनेटला जोडून हजेरी द्यायची. आणि एकदा घेतलेला खेळ मित्राला द्यायचा किंवा जुन्या बाजारात विकायचा तर त्यावरही बंधने. जरा विचार करा. आपण वरच्या वर्गातील मुलांची जुनी पुस्तके आणि गाईड निम्म्या किमतीत घेतो. माझे गणिताचे गाईड तीन हात फिरून आले आहे. उद्या छापणारा म्हणाला, "पुस्तक दुसऱ्याला द्यायचे नाही," तर आपण काय करायचे? आणि लाईट गेली, नेट गेले की घेतलेला खेळही बंद!

त्याच वर्षी जून महिन्यात सोनीने जाहीर केले, की आमच्या चौथ्या प्लेस्टेशनवर असली बंधने नाहीत, आणि किंमत ३९९ डॉलर. एक्सबॉक्सची होती ४९९. सोनीने एक छोटी फिल्मही काढली. खेळ मित्राला कसा द्यायचा ते तिच्यात दाखविले होते. एकाने खेळाची डबी दुसऱ्याच्या हातात दिली आणि फिल्म संपली. सगळे जग हसले. थोड्याच दिवसांत, १९ जून २०१३ रोजी, मायक्रोसॉफ्टने आपल्या अटी मागे घेतल्या. पुढच्या वर्षी ३९९ डॉलरचा डबाही काढला.

आता मी त्या खिडकीजवळच्या आणि दाराजवळच्या मित्रांना विचारते. एक्सबॉक्सवाल्यांना आपला खेळ मित्राला द्यायचे स्वातंत्र्य कोणामुळे राहिले? खेळणाऱ्यांनी आरडाओरडा केला हे तर खरेच. पण त्यांच्याजवळ जायला दुसरे दुकान होते, म्हणून त्या ओरडण्याला किंमत आली. दुसरे दुकान नसते तर ओरडून घसा बसला असता, एवढेच.

हा अनुभव आम्ही घरीही घेतला आहे. आमच्या घराजवळ पैसे देऊन गेम खेळायचे एक दुकान होते. तासाला चाळीस रुपये. रिमोटचे एक बटण दाबले की आतच राहायचे. दादाने तक्रार केली तर "खेळायचं तर खेळ, न्हायतर चालू लाग" असे उत्तर. मग रस्त्याच्या पलीकडे दुसरे दुकान निघाले. तासाला पंचवीस रुपये. आठ दिवसांत पहिल्या दुकानात नवे रिमोट आले, पंखा आला, दर पंचवीस झाला आणि मालक "या, बसा" म्हणू लागले! सगळी पोरे नव्या रिमोटसाठी परत पहिल्या दुकानात गेली. वर्षभरात दुसरे दुकान बंद पडले. मग काय, दर पुन्हा चाळीस. दादा म्हणाला, "आम्हीच आमच्या पायावर धोंडा मारून घेतला." हे वाक्य माझ्या मनात राहिले आहे. दोन दुकाने राहावीत ही काळजी दुकानदार करणार नाही. ती गिऱ्हाइकालाच करावी लागते.

पालकांना गेमचे उदाहरण पटत नसेल तर दुधाचे घ्या. गावात दूध घालायला एकच केंद्र असले तर फॅट तो सांगेल तेवढी. दुसरे केंद्र निघाले की दोन्हीकडे माप नीट होते. शेतकऱ्याला हे कोणी शिकवावे लागत नाही.

आता माझ्या मताच्या विरुद्ध बाजूही मांडते. नाहीतर बाई म्हणतील, एकांगी लिहिलेस.

पहिली गोष्ट, स्पर्धक पुष्कळ झाले म्हणजे माल चांगलाच होतो असे नाही. १९८३ च्या सुमारास अमेरिकेत इतक्या जणांनी घाईघाईने इतके टाकाऊ खेळ काढले, की लोकांचा विश्वासच उडाला. धंदा कोसळला. अटारीने न खपलेल्या कॅसेटी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात गाडून टाकल्या. २०१४ मध्ये खणून पाहिले तेव्हा त्या खरोखर सापडल्या! तेव्हा नुसती स्पर्धा नको, चांगले काम करण्याची स्पर्धा हवी.

दुसरी गोष्ट, काही खेळ एकाच डब्यावर मिळतात. मारिओ हवा तर निन्टेन्डोच घ्या. हे गिऱ्हाइकाला बांधून ठेवणेच झाले. स्पर्धेचे हे अंग मला आवडत नाही.

तिसरी, स्पर्धेत कोणी तरी पडतो. सेगाने २००१ मध्ये डबे बनविणे सोडले. पण त्यांनी खेळ बनविणे सोडले नाही. त्याच वर्षी त्यांचा सॉनिक जुन्या वैऱ्याच्या, म्हणजे निन्टेन्डोच्या डब्यावर धावू लागला. कंपन्यांचे वैर दहा वर्षांत मिटले. आपल्या वर्गातले वैर अजून मिटायचे आहे!

चौथी, किमती नेहमी उतरतातच असेही नाही. भारतात १० नोव्हेंबर २०२० रोजी एक्सबॉक्सचे दोन डबे आले, ३४,९९० आणि ४९,९९० रुपयांना. २ फेब्रुवारी २०२१ रोजी पाचवा प्लेस्टेशन आला. त्याचीही किंमत ४९,९९० रुपयेच होती. बघा, एका रुपयाचा फरक नाही. एकाने दुसऱ्याच्या पुढे जाण्याची हिंमत केली नाही असे मला यातून दिसते. पण पुढे आपल्या देशात दोन्ही महागले. २०२५ मध्ये अमेरिकेतही दोघांनी किमती वाढविल्या. म्हणजे स्पर्धा ही काही जादूची कांडी नव्हे. सुटे भाग महागले, कर वाढला, तर दोघेही वाढवितात. पण दोघे असले की कोणाही एकाला मनाला येईल तशी किंमत लावणे अवघड जाते, एवढे नक्की.

आणि पन्नास हजार रुपये म्हणजे काय, हे मागवाल्याच्या मुलीला कोणी सांगायला नको. माझे वडील यंत्रमागावर काम करतात. डबा घ्या असा हट्ट मी धरलेला नाही आणि धरणारही नाही. कोणीही या लेखाचा आधार घेऊन घरी हट्ट धरू नये. अभ्यास आणि मैदानावरचा खेळ आधी. माझे म्हणणे फक्त विचार करण्यापुरते आहे.

शेवटी एक आनंदाची गोष्ट सांगते. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी 'राजी' नावाचा खेळ बनविला. राजी ही मुलगी. तिच्या लहान भावाला, गोलूला, राक्षस पळवून नेतात आणि ती त्याला सोडवायला निघते. २०१७ मध्ये या खेळासाठी इंटरनेटवरून लोकांकडे वर्गणी मागितली होती, पण पुरेसे पैसे जमले नाहीत. तरी त्यांनी काम सोडले नाही. ऑगस्ट २०२० मध्ये 'राजी' प्रथम निन्टेन्डोच्या डब्यावर आली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये प्लेस्टेशनवर आणि एक्सबॉक्सवरही आली. तिन्ही डब्यांना रोज नवे खेळ हवे असतात. म्हणूनच पुण्याच्या एका छोट्या संस्थेला तीन-तीन दारे उघडी मिळाली. एकच दार असते आणि ते बंद झाले असते, तर राजी घराबाहेर पडलीच नसती. "गेम हा काही मुलींचा प्रांत नाही" असे म्हणणाऱ्या मुलांनी हे जरूर लक्षात ठेवावे. उद्या असा एखादा खेळ विट्याच्या शाळेत शिकलेली मुलगीही बनवील.

तर माझे मत थोडक्यात असे. स्पर्धा दोघांची असावी, ती चांगल्या कामाची असावी आणि तिच्यात प्रामाणिकपणा असावा. बघणाऱ्याने डोळे उघडे ठेवावेत. आणि स्पर्धा कारखानदारांनी करावी, गिऱ्हाइकांनी आपसांत भांडू नये. मायक्रोसॉफ्ट आणि सोनी यांना विट्यातील आपल्या वर्गात दोन मुले बोलत नाहीत याचा पत्ताही नाही. त्यांचे काही बिघडत नाही. बिघडले ते एका बाकाचे.

भित्तिपत्रक या भिंतीवर महिनाभर राहणार आहे. त्या दोघांना पाणी प्यायला जाताना येथूनच जावे लागते. एकाने हा लेख वाचला तर त्याने दुसऱ्याला हाक मारावी. आधी कोणी मारायची यावर पुन्हा स्पर्धा लागली तर तिला माझी हरकत नाही.

चूकभूल द्यावी घ्यावी.

आपली,
इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी
जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, विटा